पाहुण्याची खुर्ची आणि अनुपस्थित तिसरा पक्ष : ‘प्रॉस्टिट्यूट्स ऑफ गॉड’ हा माहितीपट व सांगलीच्या महिलांचे प्रत्युत्तर

प्रस्तावना

दूरचित्रवाणीवरील रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमात एखादा माहितीपटकार पाहुणा म्हणून येतो, तेव्हा मंचावर दोनच माणसे दिसत असली तरी त्या संवादात पक्ष तीन असतात. पहिला सूत्रसंचालक, दुसरा माहितीपटकार आणि तिसरा पक्ष म्हणजे ज्यांच्या आयुष्यावर तो माहितीपट बेतलेला आहे ती माणसे. पहिले दोन पक्ष खुर्चीवर बसलेले असतात. तिसऱ्या पक्षासाठी खुर्ची मांडलेली नसते. त्याच्याविषयी बोलले जाते, त्याची काही क्षणांची दृश्ये दाखवली जातात, क्वचित त्याच्याविषयी हळहळ व्यक्त होते आणि कार्यक्रम पुढील पाहुण्याकडे वळतो.

माहितीपटाची समीक्षा सामान्यतः विषयाची निवड, चित्रणाचा दर्जा, संकलन आणि दिग्दर्शकाची भूमिका या अंगांनी केली जाते. ज्यांचे चित्रण झाले त्यांना त्या चित्रणाविषयी काय म्हणायचे आहे, हा प्रश्न समीक्षेच्या कक्षेबाहेर ठेवला जातो. सांगली शहरातील वेश्याव्यवसाय करणाऱ्या महिलांनी २०१० साली हा प्रश्न समीक्षेच्या केंद्रस्थानी आणून ठेवला. ब्रिटिश पत्रकार सारा हॅरिस यांच्या ‘प्रॉस्टिट्यूट्स ऑफ गॉड’ या माहितीपटाला त्यांनी स्वतःच्या चित्रफितीद्वारे जाहीर उत्तर दिले. प्रस्तुत लेखात हा माहितीपट, त्याला मिळालेले प्रत्युत्तर आणि रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमाने माहितीपटाच्या भाषेवर केलेला परिणाम यांचा एकत्रित विचार केला आहे. सातारा आणि सांगली हे जिल्हे १९४९ पर्यंत प्रशासकीयदृष्ट्या एकच होते. त्यानंतर वेगळा झालेला दक्षिण सातारा जिल्हा १९६० पासून सांगली या नावाने ओळखला जाऊ लागला. या परिसरातील देवदासी प्रथा आणि तिच्याविरुद्धची चळवळ यांच्या संदर्भात या प्रकरणाचे महत्त्व अधिक ठळकपणे लक्षात येते.

रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमाची रचना

रात्री उशिराच्या गप्पांचा कार्यक्रम हा मूलतः अमेरिकन दूरचित्रवाणीने घडवलेला प्रकार आहे. १९५४ साली स्टीव्ह ॲलन यांच्या सूत्रसंचालनाखाली ‘द टुनाइट शो’ राष्ट्रीय पातळीवर सुरू झाला आणि जॉनी कार्सन यांनी १९६२ ते १९९२ अशी तीस वर्षे तो चालवून या प्रकाराला स्थिर रूप दिले. आरंभी विनोदी स्वगत, नंतर टेबलामागे सूत्रसंचालक, त्याच्या शेजारच्या आसनावर पाहुणा, समोर हसणारा प्रेक्षकवर्ग, हा त्याचा साचा. भारतात सोनी वाहिनीवर १९९७ साली सुरू झालेल्या शेखर सुमन यांच्या ‘मूव्हर्स अँड शेखर्स’ या कार्यक्रमाने हा साचा हिंदी प्रेक्षकांच्या परिचयाचा केला. मराठी वाहिन्यांवर ‘खुपते तिथे गुप्ते’ यांसारख्या कार्यक्रमांनी पाहुण्याला गुदगुल्या करत आणि चिमटे काढत बोलते करण्याची रीत रुळवली.

या प्रकाराचे स्वतःचे काही नियम आहेत. पाहुण्याला दिलेला वेळ मोजका असतो, त्यामुळे गुंतागुंतीच्या विषयाचे किश्श्यात रूपांतर करावे लागते. दिवसभराच्या श्रमानंतर प्रेक्षक टीव्हीसमोर बसलेला असल्याने गांभीर्याला विनोदाची जोड द्यावी लागते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, खुर्चीवर बसलेली व्यक्तीच कार्यक्रमाचा विषय बनते. अभिनेत्याच्या बाबतीत यात काही गैर नाही, कारण तो स्वतःविषयी बोलण्यासाठीच आलेला असतो. माहितीपटकाराच्या बाबतीत मात्र यामुळे एक नकळत अदलाबदल घडते. दुसऱ्याच्या दुःखावरील माहितीपट हा दिग्दर्शकाच्या धाडसाची कथा बनतो. तुम्ही तिथे कसे पोहोचलात, भीती वाटली का, त्या बायका तुमच्याशी बोलायला कशा तयार झाल्या, असे प्रश्न विचारले जातात. त्या सर्वांची उत्तरे दिग्दर्शकाकडे असतात. त्या बायकांना हा माहितीपट कसा वाटला, या प्रश्नाचे उत्तर मात्र त्याच्याकडे बहुधा नसते आणि तो प्रश्नही विचारला जात नाही.

भारतीय दूरचित्रवाणीच्या रात्रीच्या वेळेत माहितीपटकार आणि माहितीपट यांच्याविषयी झालेला सर्वांत मोठा वाद २०१५ सालचा आहे. लेस्ली उडविन यांच्या ‘इंडियाज डॉटर’ या माहितीपटाच्या प्रसारणास मार्च २०१५ मध्ये भारतात मनाई करण्यात आली. ८ मार्च रोजी रात्री नऊ ते दहा या नियोजित वेळेत एनडीटीव्हीने माहितीपटाऐवजी पडद्यावर तेवणारा दिवा दाखवून निषेध नोंदवला. त्या आठवड्यातील चर्चा दिग्दर्शिकेचा हेतू, राष्ट्राची प्रतिमा आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य या तीन मुद्द्यांभोवती फिरली. हे तिन्ही मुद्दे महत्त्वाचे होते. परंतु त्या चर्चेतही दिग्दर्शक विरुद्ध शासन अशी द्विपक्षीय मांडणीच प्रबळ ठरली. चित्रित माणसांचा हक्क हा स्वतंत्र मुद्दा म्हणून पुरेसा पुढे आला नाही. सांगलीच्या महिलांनी तो त्याआधी पाच वर्षे मांडला होता, ही बाब लक्षणीय आहे.

माहितीपटात शिरलेला सूत्रसंचालक

‘प्रॉस्टिट्यूट्स ऑफ गॉड’ हा माहितीपट व्हाइस या माध्यमसमूहाच्या व्हीबीएस टीव्ही या आंतरजालीय वाहिनीवर सप्टेंबर २०१० मध्ये प्रसारित झाला. उत्तर कर्नाटक आणि सांगली येथील चित्रण त्यात आहे. देवदासी प्रथा आणि वेश्याव्यवसाय यांचा संबंध हा त्याचा विषय. दिग्दर्शिका स्वतः पडद्यावर येते, प्रवास करते, लोकांना भेटते, त्यांना प्रश्न विचारते आणि आपल्या प्रतिक्रिया प्रेक्षकांना सांगते.

या वाहिनीने रूढ केलेली शैली येथे विचारात घेतली पाहिजे. पारंपरिक माहितीपटातील अदृश्य, गंभीर निवेदकाचा आवाज या शैलीने नाकारला. त्याऐवजी तरुण, बेफिकीर, थोडा उपरोधिक असा निवेदक कॅमेऱ्यासमोर आणला. हा निवेदक सर्वज्ञ असल्याचा दावा करत नाही आणि आपले अज्ञान व आश्चर्य लपवत नाही. या प्रामाणिकपणात निश्चितच एक आकर्षण आहे. तथापि, रचनेच्या दृष्टीने पाहता हा निवेदक म्हणजे रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमाचा सूत्रसंचालकच होय. फरक इतकाच की येथे पाहुणा स्टुडिओत येत नाही, तर सूत्रसंचालक पाहुण्याच्या घरी जातो. टेबल नसते, पण प्रश्न विचारण्याचा अधिकार, हशा कोठे पिकवायचा याचा निर्णय आणि संवाद कोठे संपवायचा याची सत्ता त्याच्याकडेच राहते. स्टुडिओतील पाहुण्याला समोरचा प्रेक्षक निदान दिसतो. सांगलीतील वस्तीत बसून उत्तरे देणाऱ्या महिलेला मात्र आपण कोणत्या प्रेक्षकांसमोर, कोणत्या सुरात सादर होणार आहोत, याची कल्पना येणे कठीण होते.

माहितीपटाचे शीर्षकही तपासून पाहण्याजोगे आहे. ‘देवदासी’ या शब्दात दास्याची, सेवेची संकल्पना आहे. ती संकल्पना शोषणाचे साधन बनली हे खरे, आणि मराठी समाजसुधारकांनी तिच्यावर कठोर टीकाही केली. परंतु यल्लम्मा आणि जोगतीण यांच्या नात्यात श्रद्धा, भय, भिक्षेचा अधिकार, गाणे, चौंडके, परडी आणि समाजातील एक विवक्षित स्थान अशा अनेक गोष्टी गुंतलेल्या आहेत. जतच्या यल्लम्मा यात्रेला किंवा सौंदत्तीच्या डोंगरावर जाणाऱ्यांना हे नव्याने सांगावे लागत नाही. इंग्रजी शीर्षकाने ‘दासी’च्या जागी ‘वेश्या’ हा शब्द ठेवून ही सर्व गुंतागुंत एका चमकदार विरोधाभासात बसवली. देव आणि वेश्या हे दोन शब्द शेजारी ठेवल्याने दूरच्या प्रेक्षकाचे कुतूहल जागे होते. मात्र चित्रपट सुरू होण्यापूर्वीच त्याचा निष्कर्षही ठरून जातो.

याउलट, याच विषयावरील मराठी सर्जनशील लेखनाने शीर्षकापासून वेगळी दिशा धरलेली दिसते. राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांची नावे त्या जीवनातील वस्तू आणि विधी यांवरून आली आहेत. सांगली जिल्ह्यातील मळणगाव येथील चारुता सागर यांची कथा आणि गवस यांच्या कादंबऱ्या यांचा आधार घेऊन राजीव पाटील यांनी २००९ साली ‘जोगवा’ हा चित्रपट केला. या कृतींमध्ये प्रथेचे उदात्तीकरण नाही, तिच्यातील क्रौर्य स्पष्टपणे दाखवलेले आहे. तरीही वाचक वा प्रेक्षक त्या माणसांना हसत नाही. क्रूर प्रथेवर टीका करण्यासाठी तिच्या बळींची थट्टा करावी लागत नाही, हे या उदाहरणांवरून सिद्ध होते.

प्रत्युत्तराची पार्श्वभूमी

सांगलीच्या महिलांनी उत्तर दिले, हे आकस्मिक नव्हते. मीना शेषू यांच्या पुढाकाराने १९९२ साली सांगलीत संपदा ग्रामीण महिला संस्थेचे, म्हणजेच ‘संग्राम’चे, काम सुरू झाले. एचआयव्हीचा प्रसार रोखण्यासाठी वेश्याव्यवसायातील महिलांनीच परस्परांना माहिती व निरोध पुरवावेत, ही त्या कामाची मूळ दिशा होती. या कामातून १९९६ साली वेश्या अन्याय मुक्ती परिषद अर्थात ‘व्हॅम्प’ ही महिलांची स्वतःची संघटना उभी राहिली. आरोग्याच्या प्रश्नापासून सुरू झालेले काम पोलिसी अत्याचार, मुलांचे शिक्षण आणि नागरी हक्क यांपर्यंत विस्तारले.

दुसरा संदर्भ उद्धाराच्या राजकारणाचा आहे. अमेरिकन शासनाने एड्सविषयक अर्थसाहाय्य घेणाऱ्या संस्थांवर वेश्याव्यवसायाला विरोध जाहीर करण्याची अट घातली, तेव्हा ‘संग्राम’ने ती अट मान्य करण्यास नकार दिला आणि अर्थसाहाय्यावर पाणी सोडले. त्याच सुमारास, २००५ साली, सांगलीच्या गोकुळनगर वस्तीवर पडलेल्या छाप्याविषयीही संघटनेने जाहीर तक्रार मांडली होती. ‘आम्हाला उद्धारकांपासून वाचवा’ अशा आशयाची भूमिका संघटनेने घेतली, ती अशा अनुभवांतून. याचा अर्थ असा की २०१० साली माहितीपट आला तेव्हा या महिलांना स्वतःविषयी बोलण्याचा, आक्षेप नोंदवण्याचा आणि एकत्रितपणे भूमिका ठरवण्याचा किमान चौदा वर्षांचा अनुभव होता. दिग्दर्शिकेला भेटलेल्या महिला एका संघटित समूहाच्या सदस्य होत्या. कॅमेऱ्याने त्यांना एकेकटे टिपले, हा पहिला दृष्टिदोष म्हणता येईल.

प्रत्युत्तराच्या चित्रफितीचे स्वरूप

महिलांच्या प्रत्युत्तराचे साधन म्हणजे एक छोटी चित्रफीत. तीत महिला कॅमेऱ्यासमोर आपल्या भाषेत बोलतात आणि त्यांचे म्हणणे इंग्रजी उपशीर्षकांतून परदेशी प्रेक्षकांपर्यंत पोहोचवले जाते. त्यांच्या आक्षेपांचे तीन गट करता येतात. पहिला गट संमती आणि गोपनीयता यांचा. संबंधितांची ओळख आणि एचआयव्हीविषयक माहिती योग्य संमतीशिवाय जगासमोर उघड केली, असा त्यांचा आरोप होता. दुसरा गट विपर्यासाचा. आपल्या जीवनातील आणि श्रद्धेतील गोष्टी चुकीच्या पद्धतीने मांडल्या आणि त्यांची टर उडवली, असे त्यांचे म्हणणे होते. तिसरा गट अतिथिधर्माचा. विश्वासाने घरात घेतलेल्या व्यक्तीने त्या विश्वासाचे काय केले, हा तो प्रश्न.

या तिसऱ्या आक्षेपाकडे समीक्षकांनी अधिक लक्ष द्यायला हवे होते. संमती हा कायद्याच्या भाषेतील शब्द आहे. ती कागदावर घेता येते आणि कागदावर घेतलेली संमती दाखवून दिग्दर्शक आपला बचाव करू शकतो. घरी आलेल्याला चहापाणी करून आपले सुखदुःख सांगणारी स्त्री मात्र करार करत नसते. ती एक नाते जोडत असते आणि त्या नात्याची बंधने तिच्या दृष्टीने दोन्ही बाजूंना लागू असतात. माहितीपटाच्या निर्मितीव्यवस्थेत या नात्याला नोंद नाही. रात्रीच्या कार्यक्रमात पाहुणा ही खुर्चीवर बसलेली प्रतिष्ठित व्यक्ती असते. सांगलीच्या वस्तीत पाहुणी होती ती दिग्दर्शिका. प्रत्युत्तराच्या चित्रफितीने पाहुणचाराची ही विसरलेली दिशा पुन्हा दाखवून दिली.

रचनेच्या दृष्टीने या चित्रफितीत निवेदक नाही. महिलांच्या वतीने कोणी तज्ज्ञ बोलत नाही. आक्षेप घेणारी व्यक्ती आणि पडद्यावरील व्यक्ती एकच असल्याने ‘कोण कोणाविषयी बोलत आहे’ हा प्रश्न येथे उद्भवत नाही. उपशीर्षकांची दिशाही लक्षात घेण्यासारखी आहे. मूळ माहितीपटात महिलांच्या बोलण्याचे भाषांतर दिग्दर्शिकेच्या कथनाच्या सोयीने वापरले गेले. प्रत्युत्तरात भाषांतर त्यांच्या स्वतःच्या युक्तिवादाच्या सेवेला लावलेले आहे. तंत्र तेच असले तरी त्यावरील नियंत्रण बदलल्याने त्याचा अर्थ बदलतो. ज्या आंतरजालाने त्यांची प्रतिमा जगभर नेली, त्याच आंतरजालाचा वापर करून त्यांनी आपले उत्तर जगभर नेले. निरक्षर वा अल्पशिक्षित म्हणून ज्यांच्याकडे पाहिले जाते, अशा महिलांनी केलेली ही चित्रपटसमीक्षाच होय.

उत्तराचा हक्क आणि त्याच्या मर्यादा

प्रत्युत्तराच्या हक्काला भारतीय न्यायव्यवस्थेत एक महत्त्वाचा आधार आहे आणि योगायोग असा की त्याच निवाड्यात एका माहितीपटाचाही प्रश्न होता. आयुर्विमा महामंडळ विरुद्ध प्रा. मनुभाई शाह या १९९२ सालच्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने दोन प्रकरणांचा एकत्र निर्णय दिला. महामंडळाच्या धोरणावर टीका करणाऱ्या शाह यांच्या लेखाला महामंडळाने आपल्या नियतकालिकातून उत्तर दिले होते, परंतु त्यावरील शाह यांचे प्रत्युत्तर छापण्यास नकार दिला होता. हा नकार त्यांच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग करणारा ठरवण्यात आला. त्याच निवाड्यात भोपाळ वायुदुर्घटनेवरील ‘बियाँड जेनोसाइड’ या माहितीपटाचे प्रसारण नाकारणाऱ्या दूरदर्शनचा निर्णयही अयोग्य ठरला. म्हणजे माहितीपटकाराचा बोलण्याचा हक्क आणि ज्याच्याविषयी बोलले गेले त्याचा उत्तर देण्याचा हक्क हे दोन्ही एकाच तत्त्वातून निघतात. ते परस्परविरोधी नाहीत.

तथापि, हा निवाडा शासकीय संस्थांना लागू होणारा होता. परदेशातील खासगी आंतरजालीय वाहिनीवर अशी कोणतीही जबाबदारी येत नाही. म्हणून सांगलीच्या महिलांना उत्तरासाठी मूळ व्यासपीठावर जागा मागत न बसता स्वतःचे व्यासपीठ उभारावे लागले. त्यातून एक विषमता शिल्लक राहते. मूळ माहितीपट पाहणाऱ्या प्रत्येकाने प्रत्युत्तर पाहिले असेलच असे नाही. उत्तर देण्याचा हक्क असणे आणि ते उत्तर त्याच श्रोत्यांपर्यंत पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

येथे काही विरुद्ध मुद्द्यांचा विचार करणे आवश्यक आहे. पहिला मुद्दा असा की चित्रित व्यक्तींची मान्यता ही अट मानली, तर सत्ताधाऱ्यांवर टीका करणारा एकही माहितीपट निर्माण होऊ शकणार नाही. आनंद पटवर्धन यांना ‘राम के नाम’ किंवा ‘विवेक’ या माहितीपटांतील प्रत्येक व्यक्तीची मान्यता मिळवावी लागली असती, तर ते पूर्णच झाले नसते. हा आक्षेप रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर सत्तेच्या प्रमाणात दडलेले आहे. सभेत भाषण करणारा नेता सार्वजनिक कृती करत असतो आणि त्याच्याकडे उत्तर देण्याची साधनेही असतात. स्वतःच्या खोलीत आजाराविषयी बोलणाऱ्या स्त्रीला हे दोन्ही लागू होत नाही. दोघांना एकच नियम लावणे म्हणजे निःपक्षपातीपणा नव्हे.

दुसरा मुद्दा अधिक अवघड आहे. ‘व्हॅम्प’ची भूमिका ही देवदासी प्रथेत अडकलेल्या सर्व स्त्रियांची भूमिका मानता येईल काय? देवदासी म्हणून मुली सोडणे हा गुन्हा आहे. कर्नाटकाने १९८२ साली आणि महाराष्ट्राने २००५ साली त्याविरुद्ध कायदे केले. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी नेतृत्व केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जटनिर्मूलनाचे काम केले, त्यामागेही हाच अनुभव होता. केसात जट आली की ती देवीची खूण समजून मुलगी देवीला सोडण्याकडे कल होत असे. या चळवळीच्या दृष्टीने देवदासी प्रथेत निवड, स्वायत्तता वा प्रतिष्ठा शोधणे धोक्याचे ठरते. स्त्रीवादी विचारवंतांमध्येही वेश्याव्यवसाय हे काम मानावे की शोषण, याविषयी तीव्र मतभेद आहेत. संघटनेच्या एकत्रित आवाजात एखाद्या सदस्येचा वेगळा सूर दबला जाण्याची शक्यताही नाकारता येत नाही.

हे मतभेद मान्य करूनही सांगलीच्या प्रत्युत्तराचे मूल्य कमी होत नाही, कारण त्याचा मुख्य मुद्दा प्रथेच्या समर्थनाचा नव्हता. प्रथा वाईट असली तरी तिच्यात सापडलेल्या स्त्रीची ओळख, तिचा आजार आणि तिची श्रद्धा ही परक्या प्रेक्षकांच्या करमणुकीची सामग्री ठरत नाही, एवढाच तो मुद्दा होता. जट कापण्यापूर्वी त्या मुलीशी आणि तिच्या घरच्यांशी बोलून त्यांचे मन वळवणारा कार्यकर्ता आणि हे प्रत्युत्तर देणारी महिला यांच्या भूमिका वेगळ्या असल्या, तरी समोरच्या व्यक्तीच्या संमतीविषयीचा आदर त्यांच्यात समान आहे.

निपाणीचा दुसरा मार्ग

माहितीपटाला दुसरा मार्ग उपलब्ध नव्हता, असे म्हणता येत नाही. सांगलीपासून फार दूर नसलेल्या निपाणी या मराठीभाषक सीमावर्ती गावात तो मार्ग जवळजवळ तीन दशके आधी चोखाळला गेला होता. दीपा धनराज, आभा भैया, नवरोज कॉन्ट्रॅक्टर आणि मीरा राव यांच्या ‘युगांतर’ या चित्रपटगटाने १९८२ साली ‘तंबाकू चाकिला ओब आली’ हा माहितीपट केला. तंबाखूच्या कारखान्यांत राबणाऱ्या स्त्रियांनी उभारलेली संघटना आणि त्यांचा लढा हा त्याचा विषय. या गटाने कामगार स्त्रियांबरोबर चर्चा करून, त्यांच्या अनुभवांच्या आधारे चित्रपट घडवला. चित्रपट तयार झाल्यावर तो कामगार वस्त्यांत व संघटनांच्या बैठकांत दाखवला गेला. ज्यांच्याविषयी चित्रपट होता, त्याच त्याच्या पहिल्या प्रेक्षक होत्या.

या एका गोष्टीने चित्रपटाचा सूर बदलतो. ज्यांच्याविषयी बोलायचे त्यांच्यासमोरच ते दाखवायचे आहे, हे ठाऊक असलेला दिग्दर्शक त्यांच्या पाठीमागे हशा पिकवू शकत नाही. कौतुकाची अतिशयोक्तीही तो करू शकत नाही, कारण ती तिथेच उघडी पडते. प्रेक्षक कोण, हा प्रश्न वितरणाचा नसून आशयाचा आहे, हे या तुलनेवरून स्पष्ट होते. रात्रीच्या कार्यक्रमातील प्रेक्षक आणि विषय यांच्यात जितके अंतर अधिक, तितका विनोद सुलभ होतो.

‘व्हॅम्प’नेही पुढील काळात आपले म्हणणे मांडण्यासाठी रंगभूमीचा मार्ग स्वीकारला. सुषमा देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली ‘माय मदर, द घरवाली, हर मालक, हिज वाइफ’ हे नाटक संघटनेतील व्यक्तींनीच सादर केले. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली ज्या सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले, त्याच सांगलीतील वस्तीतून हे नाटक पुढे आले. २०१० ची चित्रफीत ही दुसऱ्याच्या कृतीवरील प्रतिक्रिया होती. नाटकात विषय, क्रम आणि विनोद या सर्वांवर त्यांचा स्वतःचा अधिकार होता. येथे प्रेक्षक हसतात, पण कोठे हसायचे हे ज्यांचे आयुष्य आहे त्याच ठरवतात. हशाला विरोध नव्हता, तो कोणाच्या हाती आहे याला विरोध होता, हे यातून दिसून येते.

बदललेली कायदेशीर चौकट

२०१० नंतर कायद्याच्या परिस्थितीत काही बदल झाले. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण अधिनियम २०१७ साली संमत होऊन सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. एखाद्या व्यक्तीची एचआयव्हीविषयक स्थिती तिच्या जाणीवपूर्वक संमतीशिवाय उघड करण्यास त्याने प्रतिबंध केला. १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बुद्धदेव कर्मस्कर प्रकरणात वेश्याव्यवसायातील व्यक्तींनाही सन्मानाने जगण्याचा हक्क असल्याचे अधोरेखित केले. अटक, छापा वा सुटकेच्या वेळी त्यांची ओळख उघड होणार नाही, याची प्रसारमाध्यमांनी काळजी घ्यावी, या दृष्टीने मार्गदर्शक तत्त्वे देण्याबाबतही त्या आदेशात निर्देश आहेत.

सांगलीच्या महिलांच्या पहिल्या आक्षेपाला या तरतुदींमुळे काही प्रमाणात कायद्याचे बळ मिळाले. दुसऱ्या आणि तिसऱ्या आक्षेपांना ते मिळालेले नाही आणि बहुधा मिळूही नये. टर उडवणे हा गुन्हा ठरवला, तर त्याचा पहिला फटका सत्तेची टर उडवणाऱ्यांनाच बसेल. जेथे कायदा थांबतो तेथे समीक्षेचे काम सुरू होते. एखाद्या माहितीपटात अतिथिधर्माचा भंग झाला आहे काय, हे न्यायालय ठरवू शकत नाही. समीक्षक, अध्यापक आणि प्रेक्षक मात्र ठरवू शकतात.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमाचा साचा केवळ स्टुडिओपुरता मर्यादित राहिला नाही. निवेदककेंद्री माहितीपटाच्या रूपाने तो प्रत्यक्ष चित्रणाच्या जागी पोहोचला. त्यामुळे दिग्दर्शक हा नायक आणि चित्रित व्यक्ती ही त्याच्या प्रवासातील प्रसंग, अशी उतरंड निर्माण झाली. सांगलीच्या महिलांच्या प्रत्युत्तराने ही उतरंड उघड केली आणि चित्रित व्यक्तीची प्रतिक्रिया हा समीक्षेचा आवश्यक घटक आहे, हे दाखवून दिले. त्यांची भूमिका अंतिम मानण्याचे कारण नाही. तिच्याशी मतभेद असू शकतात. परंतु ती ऐकल्याशिवाय त्या माहितीपटाचे मूल्यमापन पूर्ण झाले, असे म्हणता येत नाही.

महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीनेही याला महत्त्व आहे. समाजशास्त्र, समाजकार्य, साहित्य आणि माध्यमविद्या या विषयांच्या वर्गांत माहितीपट दाखवण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. सातारा आणि सांगली परिसरातील महाविद्यालयांत वर्गात बसलेला विद्यार्थी हा पडद्यावरील माणसांचा शेजारी, नातलग किंवा अपत्यही असू शकतो. अशा वेळी माहितीपट दाखवण्यापूर्वी तीन गोष्टी तपासणे इष्ट ठरेल. चित्रित व्यक्तींना हा माहितीपट कोणासमोर दाखवला जाणार याची कल्पना होती काय? त्यांनी तो पाहिला आहे काय? त्यांनी त्यावर काही म्हटले असेल तर तेही वर्गात दाखवले जाणार आहे काय? ‘प्रॉस्टिट्यूट्स ऑफ गॉड’च्या बाबतीत तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर चित्रफितीच्या रूपाने उपलब्ध आहे. मूळ माहितीपट एकटा दाखवून वर्ग संपवणे हे त्यामुळे अपुरे अध्यापन ठरेल.

महाविद्यालयात एखाद्या माहितीपटकाराचे व्याख्यान वा मुलाखत आयोजित केली जाते, तेव्हा मंचावर सामान्यतः प्राचार्य, परिचय करून देणारे प्राध्यापक आणि पाहुणे अशा तीन खुर्च्या मांडल्या जातात. शक्य असेल तेथे चौथी खुर्ची चित्रित समूहाच्या प्रतिनिधीसाठी मांडावी. शक्य नसेल तेथे त्यांचे म्हणणे मिळवून पाहुण्यांसमोर वाचून दाखवावे आणि त्यावर त्यांचे उत्तर मागावे. यात पाहुण्यांचा अवमान नाही. ज्यांच्या घरी ते आधी पाहुणे म्हणून गेले होते, त्यांचा तो मान आहे.